कार्डाच्या मागच्या बाजूला

३ मार्च

प्रिय चिंगे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, काम ठीक नाही.

आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत अखेर 'के' हे अक्षर आलं आणि त्यातलं 'कीप' हे क्रियापद माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, सोपं आहे. कीप म्हणजे ठेवणे, झालं, मी चहा प्यायला मोकळा. कुठलं काय! इंग्रज कोंबड्या कीप करतो, आपण त्या पाळतो. तो दिलेला शब्द कीप करतो, आपण तोही पाळतो. पण त्याने गुपित कीप केलं की आपण राखतो, दुकान कीप केलं की आपण चालवतो, आणि त्याचं दूध कीप झालं की आपलं टिकतं. कुणाला वाट बघायला लावली तरी कीप, एकसारखी बडबड करत राहिला तरी कीप, 'हाऊ इज ही कीपिंग' म्हणून आजाऱ्याची चौकशी केली तरी कीप! चौदा दिवस झाले. टेबलावर ऐंशी कार्डं पडली आहेत आणि मला आता साधं 'ठेवणे' म्हणजे काय तेही समजेनासं झालंय. काल घरी आल्यावर किल्ली हातात धरून उभा राहिलो, आणि ही ठेवायची, राखायची की सांभाळायची, ते ठरेना.

त्यात आमचे थोरले संपादक. त्यांना आम्ही कात्रीसाहेब म्हणतो, समोर नाही. प्रत्येक अर्थाला एक मराठी उदाहरण द्यावं लागतं. मी सव्वीस वाक्यं बनवून नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलंच वाक्य बोटाने दाबून विचारलं, "हे कुणी, कुणाला, कधी बोललं?"

"कुणी नाही, साहेब. मी बनवलं."

"मग घेऊन जा."

सव्वीसच्या सव्वीस परत! आता तूच सांग, मी पन्नाशीचा एकटा माणूस, दिवसभर कोशात डोकं घालून बसलेला. माझ्याशी बोलतं कोण?

तेव्हा तू धावून ये. तुझ्या कारखान्यात आणि घरात माणसं बोलतात. त्यांची वाक्यं सोबतच्या कोऱ्या कार्डांवर उतरवून पाठव. नियम एकच आणि तो कडक आहे, एकही वाक्य मनाचं नको. खरोखर बोललेलंच हवं. कार्डाच्या मागच्या बाजूला लिही, कोण, कुणाला, कधी. वीस एप्रिलला हे पान छापायला जाईल. तोवर जमलं नाही तर कीप माझ्याकडून काढून 'जे'वाल्या गृहस्थांना देतील, आणि ते गृहस्थ कसे हसतात ते तुला माहीत नाही.

बाबा कसे आहेत? (हेसुद्धा कीपच, बरं का.)

तुझा
दादा


११ मार्च

दादा,

पाच महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात तीन पानं कोंबड्या आणि दूध! बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढं शिकून हा ठेवणे म्हणजे काय ते विसरला? विचार त्याला, वेळेवर जेवतो का."

आता इकडचं. कारखाना तोच, मीही तीच. एक पाय आखूड असलेल्यांचे बूट, एक तळ जाड, एक पातळ. यंदा वीस वर्षं होतील. बाबांना समोरचं माणूस मधोमध दिसत नाही, कडेकडेने दिसतं. म्हणून ते माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघतात. सवय झाली की काही वाटत नाही.

तुझी कार्डं भरलीत. कार्डांच्या मागे लिहिलंय ते मी इथेही लिहिते, म्हणजे एखादं कार्ड हरवलं तरी तुझ्याकडे राहील.

"दार लोटून ठेव, कुत्रं आत येतंय." (बाई, म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई, मला, सोमवारी.)

"हे दूध काही उद्यापर्यंत टिकायचं नाही." (मी, माझ्याशीच. चालतं का?)

"डावा साचा वरच्या फळीवर ठेवलाय, उजवा कुठे गेला देव जाणे." (बाई, सगळ्यांना, गुरुवारी.)

"गॅस चालूच ठेवलात की हो!" (मी, बाबांना. या महिन्यात तिसऱ्यांदा.)

"भिंतीवर हात ठेवून चालतो मी. भिंत काही कुठे जात नाही." (बाबा, मला, डोळ्यांचं विचारलं तेव्हा.)

"त्यांनी माझी जागा तीस एप्रिलपर्यंत राखून ठेवलीय." (मी, बाबांना, शनिवारी. कृत्रिम पाय बनवायला शिकवतात तिथली जागा. एक वर्ष तिथेच राहायचं.)

"मी काही तुला बांधून ठेवलेलं नाही." (बाबा, मला, त्यावर.)

"दादाला यातलं काही कळवायचं नाही. तुमच्यापाशीच ठेवा." (मी, बाबांना, त्याच्यावर.)

नियम कडक आहे म्हणालास म्हणून जसं बोलणं झालं तसंच उतरवलंय. शेवटची तीन पाठवू की नको, असं झालं होतं. पाठवते.

चिंगी


१९ मार्च

प्रिय चिंगे,

शाबास! आठच्या आठ पास! कात्रीसाहेबांनी चष्मा खाली घेतला, वर घेतला आणि म्हणाले, "ही बाई कोण?" म्हटलं, माझी बहीण. म्हणाले, "तिलाच नोकरीला ठेवायला हवं होतं."

'चालूच ठेवलात की हो' यातल्या 'की हो'वर तर मी फिदा आहे. पुस्तकात बसून असला 'की हो' सुचत नाही. जागेच्या वाक्यावर आमचं चाळीस मिनिटं भांडण झालं. मी म्हणतो 'राखून ठेवलीय', 'जे'वाले म्हणतात 'धरून ठेवलीय'. तुझा कान काय म्हणतो? नीट विचार करून कळव, यावर बरंच अवलंबून आहे.

आणि गुपिताचं वाक्य म्हणजे बहार! 'तुमच्यापाशीच ठेवा', वा! फक्त 'दादाला'च्या जागी मी 'कुणाला' घातलंय. कोशात दादा कशाला?

अजून 'करत राहणे' आणि 'मागे ठेवून जाणे' या अर्थांची हवीत. शिवाय माझीही तीन कार्डं सोबत पाठवतोय. बोलण्यातली वाटतात का, ते कान लावून बघ.

"डॉक्टरांनी मला मीठ बंद ठेवायला सांगितलंय."

"इथे खोलीत ऊबच राहत नाही, पाय गारठून जातात."

"तिने मला दोन तास रस्त्यावर ताटकळत ठेवलं."

बाबांना नमस्कार.

दादा


२७ मार्च

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला काय कळलं आणि काय नाही, ते आम्हाला कळेना. राखून की धरून ते विचारतोस. जागा कसली, ते विचारत नाहीस. तू मुद्दाम करतोस की काय? बाबा म्हणतात, "त्याला सगळं कळलंय, तो सवड घेतोय." मी म्हणते, कळलं असतं तर 'दादाला' खोडलं असतं का?

चिडून पत्र फाडणार होते, तेवढ्यात तुझी कार्डं वाचली आणि राग कुठच्या कुठे गेला. मीठ बंद? कधीपासून? रक्तदाब किती आहे, ते आकड्यांत कळव. आणि पाय गारठतात तर हे आत्ता सांगतोस? लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या पाठवतेय, एक बाबांची आहे. त्यांनी स्वतः काढून दिली.

आणि ही दोन तास उभं करणारी कोण? बाबा कधी नव्हे ते मोठ्याने हसले. म्हणाले, "वय काय तिचं, विचार." मीही विचारते.

आता एक सांगूनच टाकते. आई गेली त्या वर्षी मी तुला विचारलं होतं, बाबांना थोडे दिवस नेशील का. तू म्हणालास, "माझ्या खोलीत कार्डांना जागा नाही, बाबांना कुठून आणू?" तेव्हाच ठरवलं, पुन्हा तोंड उघडून मागायचं नाही. आजही मागत नाही. तू कार्डं मागितलीस, मी कार्डं देते.

"किती दिवस नुसती बघत राहणार आहेस?" (बाई, मला, रोज.)

"बाबांना एकटं ठेवून मी कशी जाऊ?" (मी, बाईंना, रोज.)

"तो पत्रं तर पाठवत राहिलाय ना? मग." (बाबा, मला, काल.)

चिंगी


४ एप्रिल

चिंगे,

घाई, घाई! पत्र वरवर चाळलं, कार्डं तेवढी काढून घेतली. 'एकटं ठेवून मी कशी जाऊ', अहाहा, कात्रीसाहेबांनी ते दोनदा वाचून काढलं. मोजे कशासाठी पाठवलेस ते कळलं नाही, पण छान आहेत, आत्ता पायातच आहेत. ती कोण म्हणून कुणाबद्दल विचारतेस? सवडीने बोलू.

एक अर्थ अजून रिकामा होता, कुणाला आपल्या घरी ठेवून घेणे, त्याचं सगळं बघणे. त्याचं कार्ड तुझ्याकडून आलं नाही, तेव्हा ते आता माझ्याकडून घे. कसं वाटतं ते उलट टपाली कळव.

दादा

(सोबतचं कार्ड)
"बाबांना मी माझ्याकडे ठेवून घेतो, तू खुशाल जा."
(मागे: मी, चिंगीला.)


१० एप्रिल

दादा रे,

कसं वाटतं म्हणून विचारतोस? मी कार्ड वाचलं आणि बुटाच्या ढिगाऱ्यावर बसून रडले. बाईंना वाटलं, कुणीतरी गेलं.

मला माफ कर. मी तुझ्याबद्दल काय काय बोलले होते ते बाबांना विचारू नकोस, ते सांगतील. तू 'दादाला' खोडलंस तेव्हा तर तुला दगड म्हणाले. तू तिकडे जुळवाजुळव करत होतास आणि मी इकडे शिव्या घालत होते. पण नुसती एकच ओळ काय पाठवतोस? बाबा म्हणतात, "त्याला तसंच येतं." तेही खरंच.

मी जागा पक्की केली. पत्र टाकलंसुद्धा. चोवीस तारखेची गाडी आहे, साडेअकराला तुझ्या स्टेशनात वीस मिनिटं थांबते. तू बाबांना उतरवून घे, मी त्याच गाडीने पुढे जाते. त्यांनी बॅग आजच भरली. मी म्हटलं, अजून चौदा दिवस आहेत. म्हणाले, "असू दे, भरलेली बरी दिसते."

ऐक. त्यांच्या वाटेत खुर्ची ठेवू नकोस. चहाचा कप नेहमी उजव्या हाताला. गॅसजवळ एकटे जाऊ देऊ नकोस, पण तसं बोलून दाखवू नकोस. आणि त्यांनी आयुष्यभर पोस्टात पत्ते वाचून पत्रं लावली, त्यांना वाचून दाखवायला काहीही चालतं. तुझा कोशसुद्धा.

तुझी
चिंगी


१३ एप्रिल
(हे पत्र पाकिटात घातलं. पेटीत टाकलं नाही.)

चिंगे,

एक घोटाळा झालाय आणि तो मी केलाय. ते वाक्य मी तुला लिहिलं नव्हतं. कोशाला लिहिलं होतं. मीठ, गारठलेले पाय, ती दोन तास ताटकळत ठेवणारी, सगळं मनाचं. माझं मीठ कुणी बंद केलेलं नाही आणि माझी वाट बघत, किंवा मला वाट बघायला लावत, या शहरात कुणीही उभं नाही. मागची बाजू कोरी असली की कात्रीसाहेब कार्ड घेत नाहीत, म्हणून 'मी, चिंगीला' असं ठोकून दिलं.

तू मला कुठे काही विचारलंच नव्हतंस, हे तुला सिद्ध करून दाखवावं म्हणून आज तुझी अकरा कार्डं टेबलावर मांडली. मांडताना उलटी पडली. इतके दिवस मी पुढचीच बाजू वाचत होतो, चिंगे. मागचं पत्रातही होतं, तेही मी नुसतं तपासलं, वाचलं नाही. गॅस, तिसऱ्यांदा. तीस एप्रिल. कृत्रिम पाय. एक वर्ष. दादाला कळवायचं नाही. नियम मीच केला, एकही वाक्य मनाचं नको, आणि तू तो पाळलास, तर मला वाटलं, काय सुरेख वाक्यं करते ही पोरगी! मी गाढव आहे. अगदी शिकलेलं गाढव.

आता मला काही समजत नाही. खोली बारा फूट, जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या, खाटेवर 'एच'पासूनची कार्डं. मी कुणासाठी कधी चहासुद्धा केलेला नाही. बाबांच्या हातून कप पडला तर मी काय बोलेन? मी ओरडेन. मला भीती वाटते.

आणि एक कोडं सुटत नाही. वाक्य बनवायलाच बसलो होतो, तर कुणालाही ठेवून घेता आलं असतं. मावशीला, पाहुण्याला, मांजराला. बाबाच का सुचले? तूच का सुचलीस? आणि 'खुशाल जा' हे कुठून आलं?

तू पत्र टाकूनही मोकळी झालीस. बाबांची बॅग भरलेली आहे. आता मी


१६ एप्रिल

चिंगे,

कार्डं खोलीतून कचेरीत हलवली. तीन फेऱ्या झाल्या. खाट मोकळी झाली, खुर्ची शेजाऱ्यांना दिली.

चोवीसला साडेअकराला स्टेशनवर आहे. अकरालाच येईन.

बाबांना उशी मऊ लागते की कडक? मला माहीतच नाही.

दादा


२० मे

दादा,

इथे येऊन साडेतीन आठवडे झाले. पहिला पाय काल पुरा केला. ज्याचा होता तो माणूस दोन पावलं चालला आणि तिसऱ्याला माझ्या अंगावर पडला. दोघंही हसलो. घोटा पुन्हा करायचाय. दादा, मी फार खूश आहे. असं स्वतःबद्दल लिहायची सवय नाही, म्हणून आधी दोनदा खोडलं.

पण एक मला अजून कळलेलं नाही. स्टेशनवर तू असा काय वागलास? बाबांना उतरवलंस, इथपर्यंत ठीक. मग मी डब्याच्या दारात उभी, तू खाली, आणि शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा ताठ उभा राहून मोठ्याने म्हणालास, "बाबांना मी माझ्याकडे ठेवून घेतो, तू खुशाल जा!" चार माणसं वळून बघायला लागली. मला ते कार्डावर कळवलेलं होतंस की! परत कशाला? आणि लगेच घड्याळ बघून खिशातून काय काढलंस, काय लिहिलंस? बाबा शेजारी उभे राहून हसत होते, तेही कळलं नाही. गाडी सुटली म्हणून विचारायचं राहिलं.

बाबा कसे आहेत? खरं सांग, उदाहरणं नकोत.

चिंगी


२ जून

प्रिय चिंगे,

खरं सांगतो. सोबत तेरा एप्रिलचं एक पत्र आहे, अर्धवट. आधी ते वाच आणि मग हे पुढचं वाच. शिव्या घालायच्या तर मध्ये थांबून घाल.

वाचलंस? तर वीस एप्रिलला कात्रीसाहेबांनी त्या कार्डाची माझ्याकडची प्रत उलटी केली. "मी, चिंगीला. आणि कधी? तारीख कोरी आहे." मी म्हटलं, "साहेब, अजून बोललो नाही. चोवीसला बोलणार आहे." मला वाटलं, आता कार्ड तोंडावर फेकतील आणि 'जे'वाले हसतील. साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग छापखान्याला निरोप पाठवला, कीपचं पान चोवीसपर्यंत थांबवा. नोकरीला लागल्यापासून मी त्यांना पान थांबवताना बघितलेलं नाही.

म्हणून स्टेशनवर मोठ्याने म्हणालो. न बोललेलं वाक्य मला छापायचं नव्हतं. घड्याळात अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती, ती कार्डावर घातली. तू दारात उभी होतीस, डोळे पुसत होतीस, आणि मला त्या क्षणी तुला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

बाबांना सांगायला तिसरा दिवस उजाडला. जेवताना मी वरून मीठ घेतलं आणि ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझं मीठ बंद आहे ना?" मी घास ताटात परत ठेवला. मग सगळं सांगितलं. ते वाक्य बनवलेलं होतं, मला तुमच्या डोळ्यांचं माहीतसुद्धा नव्हतं, सगळं. ते म्हणाले, "मला माहीत होतं रे. पहिल्या कार्डालाच कळलं. लहानपणापासून मीठ वरून घेणारा तू, डॉक्टरचं कधी ऐकणार? पण हिला सांगितलं असतं तर ही गेली नसती."

मी विचारलं, "मग बॅग कशी भरलीत? मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर मी घरीच राहिलो असतो. भिंत आहेच. पण जागा पक्की करून ही तरी सुटली असती." आणि जरा वेळाने म्हणाले, "तू नाही म्हणशील असं मला वाटलं नव्हतं."

मला तिथेच रडू आलं, चिंगे. त्यांना दिसू नये म्हणून मी समोरून बाजूला सरकलो, पण त्यांना कडेचंच दिसतं हे विसरलो.

मग हळूच विचारतात, "ती दोन तास उभं करणारी, तीसुद्धा खोटीच का?" हो म्हटल्यावर मात्र चेहरा पडला. तेवढं एक त्यांना खरं वाटलं होतं.

मी त्यांच्यावर दोनदा ओरडलो आहे. ते माझ्यावर रोज ओरडतात. चव्वेचाळीस पायऱ्या आम्ही मोजत चढतो, ते नेहमी त्रेचाळीसच मोजतात आणि मलाच चुकीचा ठरवतात. संध्याकाळी 'के'ची कार्डं वाचून दाखवतो. ते प्रत्येकाला विचारतात, "हे कोण बोललं?" कचेरीत एक कात्रीसाहेब होते, आता घरीही एक झाले.

तू उदाहरणं नकोत म्हणालीस, म्हणून बाबा कसे आहेत ते मी लिहीत नाही. त्यांनी माझ्याकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि स्वतः लिहिलंय. ओळ खाली घसरत गेलीय, शेवटचे शब्द टेबलावर उमटले होते, ते मी पुन्हा कार्डावर घेतले. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही.

तुझा
दादा

(सोबतचं कार्ड)
"दादा मला नीट सांभाळतो. जेवणात मीठ मात्र फार घालतो."
(मागे: बाबा, चिंगीला, आज. मनाचं नाही.)